विरोधात कोण?

आजच्या या सेवापूर्ती सोहळ्याचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, आदरणीय माधवराव. आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. महारुद्र सर, सकाळपासून सूत्रसंचालन करून ज्यांचा घसा बसला आहे ते प्राध्यापक अवधूत, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, झरीच्या पलीकडच्या आमच्या वाडीवरून या उन्हात टेम्पो करून आलेले सगळे पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मातोश्री भिवराबाई आणि माझ्या सौभाग्यवती राजेश्री...

बसा, बसा. टाळ्या नकोत. टाळ्यांविषयीच मला आज थोडं बोलायचं आहे, म्हणून आधीच विनंती करून ठेवतो.

प्रथम हा फेटा काढतो. अध्यक्ष महोदय, राग मानू नका, पण मे महिना आहे, परभणी आहे, कूलर नुसता आवाज करायलाय, आणि फेट्यावर तुम्ही मला घोंगडी पांघरलीत. धनगराचा मुलगा प्राध्यापक झाला, की त्याचा सत्कार काठी आणि घोंगडी देऊनच करायचा, असा आपल्याकडे दस्तूर पडून गेला आहे. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा घोंगडी. विभागप्रमुख झालो, घोंगडी. माझं पुस्तक आलं, तरी घोंगडी! एखाद्यानं चुकून पुस्तक भेट द्यावं ना? आमच्या घरात बसायला जागा उरली नाही, असं राजेश्री म्हणते. आणि घोंगडी द्यायची तर निदान लोकरीची द्यावी. मघाशी आईनं हिला हात लावून पाहिला आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यात मेंढरू कुठं हाय?" असो. भावना पोहोचल्या.

दुसरी गोष्ट. माझा परिचय करून देताना अवधूत म्हणाले, की सरांनी रशिया गाजवला. अवधूत, तुम्ही माझेच विद्यार्थी. मी रशियात कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही हो! मी गेलो किर्गिझस्तानला. तो वेगळा देश आहे, वेगळी माणसं आहेत, वेगळी भाषा आहे. हे मी तुम्हाला एम.ए.च्या वर्गात नकाशा टांगून शिकवलं होतं. निमंत्रण पत्रिकेवर तर मला 'साम्यवादी विचारवंत' करून टाकलं आहे. माझा विषय 'तुलनात्मक राजकारण' आणि त्यातही साम्यवादी राजवटी गेल्यानंतरचे समाज. राजवट गेल्यावर माणसांचं काय झालं, ते मी पाहतो. डॉक्टर पोटदुखी तपासतो, म्हणून त्याचं पोट दुखतं असं आपण म्हणतो का? पण नाही. पिंगळीला माझं लग्न ठरत होतं, तेव्हा सासरेबुवांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरगं सत्यनारायणाला बसंल ना?" एक मे रोजी, कामगार दिनाला, डाव्या मंडळींनी मला भाषणाला बोलावलं, भाषण ऐकलं आणि चहासुद्धा न पाजता परत पाठवलं. मग ते ऐकून उजव्यांनी बोलावलं. त्यांनीही चहा पाजला नाही.

हसा. हसण्यासारखंच आहे. पण तिसऱ्या गोष्टीला मला हसू येत नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हा माइक धरला आहे.

आज प्रत्येक वक्त्यानं सांगितलं, की रामप्रसाद सरांच्या जाण्यानं निर्माण होणारी पोकळी भरून निघणार नाही. ऐकायला गोड वाटतं. पण व्यासपीठावरच्या सगळ्यांना माहीत आहे, की ती भरायची नाही, असं ठरलेलंच आहे. मागच्या सोमवारी आपल्या महाविद्यालयाच्या सभेत ठराव झाला. रामप्रसाद सर निवृत्त होत आहेत, विद्यार्थी कमी आहेत, सबब राज्यशास्त्राचा एम.ए.चा वर्ग जूनपासून बंद करावा. ठराव टाळ्या वाजवून सर्वानुमते मंजूर. उद्या संस्थेची बैठक आहे आणि माधवरावांनी त्यावर सही केली, की विषय संपला. त्या वर्गावर तासिका तत्त्वावर शिकवणारी योगिनी, ती तिथं खांबाजवळ उभी आहे, तिचं कामही संपलं. पेडगावहून एसटीनं येणाऱ्या मुली पुढं शिकायला नांदेडला जाणार आहेत का? घरचे पाठवतील का? नाही पाठवणार. बी.ए. झालं, बस झालं, असं म्हणून त्यांची लग्नं लावतील.

मी त्या सभेला नव्हतो. पेन्शनच्या कागदांसाठी कचेरीत गेलो होतो. माझी सभा चुकली, याचं मला वाईट वाटलंच. पण खरी चीड आली ती नंतर. मंगळवारपासून आपले सहकारी एकेक करून माझ्या खोलीत यायला लागले. दार लोटून घ्यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "सर, माझ्या मनात नव्हतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या." एक आले, दोन आले. मग मी विचार करायला लागलो, की अरे, सगळेच जर 'सगळ्यांनी वाजवल्या म्हणून' वाजवत होते, तर पहिली टाळी वाजवली कुणी?

मंडळी, तुम्हाला वाटेल, सर निरोपाच्या दिवशी भांडायला उठले. तसं नाही. तुम्हीच मघाशी विचारलंत ना, की धनगरवाडीतला मुलगा या विषयाकडं वळला कसा? तेच सांगायलोय. अवधूतनी सांगितलं, की लहानपणापासून मला जगाच्या राजकारणाची ओढ होती. खोटं आहे. मला कसलीही ओढ नव्हती. मी राज्यशास्त्र घेतलं, कारण त्यात गणित नव्हतं.

आमच्या वाडीत सरकारी योजनेतून मेंढपाळांची सहकारी संस्था निघाली होती. घरोघरची मेंढरं संस्थेत घातली. मेंढरं कोंडायला एक मोठा वाडगा बांधला, विहीर पाडली, चराईसाठी रान मिळालं. माझे वडील दत्तराव यांनी आमचा सगळा कळप त्यात घातला होता. चेअरमन होते किशनराव. माणूस बोलायला लय गोड. संस्था काही फार भरभराटीची नव्हती, पण बरी चालली होती. लोकर जात होती, औषधपाणी वेळेवर मिळत होतं, आणि उन्हाळ्यात मेंढरं घेऊन गोदाकाठी भटकायची पाळी कुणावर येत नव्हती.

मी एम.ए.ला होतो. सुट्टीत घरी आलो, तर मारुतीच्या पारावर संस्थेची सभा होती. किशनरावांनी ठराव वाचला. संस्था चालवणं परवडत नाही, सबब ती मोडावी, मेंढरं विकावी आणि जागा ज्याची त्याला परत जावी. बाजूनं असेल त्यानं हात वर करावा. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी हात वर केले. मागच्यांनी पुढच्यांकडं पाहून केले. माझ्या वडिलांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचाही हात वर गेला. मी सभासद नव्हतो, म्हणून माझा हात तेवढा वाचला. सर्वानुमते मंजूर! मग गुळाचा चहा आला.

आठवडाभरात व्यापाऱ्याचा ट्रक लागला. मेंढरं भरताना वडील वाडग्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. रात्री जेवताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला नको होतं, तर हात कशाला वर केला?"

"समद्यांचे वर गेले. म्या एकट्यानं खाली ठिवून काय करू?"

"पण समद्यांना पाहिजे होतं का?"

ते हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी मीच घरोघर फिरलो. एकालाही नको होतं! प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बोट दाखवत होता. माझं डोकं फिरायची वेळ आली. मी नुकताच 'मतदान आणि लोकेच्छा' यावर भलामोठा पेपर लिहून आलो होतो आणि त्यात पहिल्या वर्गाचे गुण मिळवले होते. त्या पेपरातलं एकही वाक्य माझ्या वाडीला लागू होत नव्हतं. मी घरी येऊन तणतणायला लागलो, तेव्हा आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई. म्या न्हाई म्हणले असते." बायांना तेव्हा पारावर बसू देत नव्हते. मेंढरांची लोकर, दूध, कोकरं समदं तिच्या हातात, पण हात वर करायला ती चालत नव्हती. आई, खरं आहे ना? बघा, मान हलवायलीय.

पुढं काही वर्षांनी रेडिओवर बातमी आली, की सोव्हिएत युनियन मोडलं. मी तेव्हा इथं नवीनच लागलो होतो. शनिवारी घरी गेलो, तर वडिलांनी विचारलं, "तिकडं बी मेंढरं व्हती का रं, सरकारी?"

मी म्हणालो, "होती. सामुदायिक शेती होती त्यांची. तिची मेंढरं."

"मंग आता वाटली का इकली? का आपल्यावानी ट्रकात घातली?"

"मला नाही माहीत."

"मंग येवढं शिकून तू करायलास काय?"

हे प्रकरण इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. थांबलं नाही. मी दर शनिवारी घरी जायचो आणि वडील दर शनिवारी विचारायचे, "लागला का पत्ता?" मी बेजार झालो हो! विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या मेंढरांवर एक पुस्तक सापडेना. मार्गदर्शकांना विषय सांगितला, तर ते म्हणाले, पंचायत राज घ्या, लवकर होईल. मी म्हणालो, सर, पंचायत राजावर लिहीन, पण माझे वडील मला घरात घेणार नाहीत. शेवटी त्यांनी हात टेकले आणि तोच विषय दिला. थोडी रशियन शिकलो, दिल्लीच्या फेऱ्या मारल्या, अर्जावर अर्ज केले, आणि एका शिष्यवृत्तीवर, सोव्हिएत युनियनमधून वेगळ्या झालेल्या किर्गिझस्तानच्या डोंगरातल्या एका गावात जाऊन पोहोचलो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. राजेश्रीनं ते दिवस कसे काढले, ते ती मला अजून ऐकवते.

तिथं बुरुल आपा भेटली. आपल्याकडं मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला आपा म्हणतात. तिकडं ते आईला आणि आईच्या वयाच्या बायांना म्हणतात. ही बाई सामुदायिक शेतीवर मेंढरं राखायची. माझा दुभाषी हिंदी सिनेमे पाहून हिंदी शिकलेला होता, त्यामुळं आपाचं प्रत्येक वाक्य मला नायकाच्या थाटात ऐकायला मिळायचं. ती गोष्ट वेगळी. मी आपाला विचारलं, की तुमची शेती मोडली कशी? ती मला गावच्या सभागृहात घेऊन गेली. खिडक्या फुटलेल्या, बाकं कुणी कुणी घरी नेलेली. म्हणाली, इथं आम्ही बसलो होतो. अध्यक्षांनी ठराव वाचला. बाजूनं कोण? सगळे हात वर.

मी विचारलं, "आणि विरोधात कोण, असं नाही विचारलं?"

"विचारलं की," ती म्हणाली. "दरवेळी विचारायचेच. पण ते विचारताना अध्यक्ष पुढचा कागद उचलायचे."

तुम्ही डोळ्यांसमोर आणा. तोंडानं म्हणतायत, विरोधात कोण? आणि हात पुढच्या कागदावर. म्हणजे उत्तर येणार नाही, हे विचारणाऱ्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. इतकी वर्षं त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलंच नव्हतं! आपा म्हणाली, "त्या दिवशी माझा हात उठला होता. अर्ध्यापर्यंत आला. मग शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी डोक्याचा रुमाल नीट करून हात खाली घेतला." असं म्हणून तिनं मला ते करून दाखवलं. हात वर, रुमालाला लावला, खाली. त्या हिवाळ्यात गावानं वाट्याला आलेली बहुतेक मेंढरं कापून खाल्ली नाहीतर पिठासाठी देऊन टाकली, कारण एकेका घराला एकट्यानं चारा पुरवणं झेपेना. माझा सगळा प्रबंध, ते भलं जाड पुस्तक, ते तक्ते, सगळं त्या रुमालावर उभं आहे.

परत आलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एक विचारलं, "म्हंजे तिकडं बी कुणी न्हाई म्हणलं न्हाई?"

मी म्हणालो, "नाही."

"मला वाटलं व्हतं, आमीच येडे," ते म्हणाले, आणि बाजेवर आडवे झाले. फार वर्षांनी त्यांना हलकं वाटलं असावं. पण मला नाही वाटलं. मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. दोन देशांत तीच चूक झाली म्हणून ती चूक लहान होते का? तुलनात्मक राजकारण म्हणजे 'तिकडंही असंच असतं' म्हणून सुस्कारा टाकायचा विषय नाही हो! मी आयुष्यभर वर्गात हेच ओरडून सांगितलं. पहिल्या बाकावरच्यांना सांगितलं, शेवटच्या बाकावरच्यांना सांगितलं. आणि ज्यांना सांगितलं, त्यातलेच कितीतरी आज इथं प्राध्यापक आहेत, आणि सोमवारी टाळ्या वाजवून मंगळवारी माझ्या खोलीचं दार लोटून घेतायत! मग मी इतक्या लांब कशाला गेलो? मारुतीच्या पारावरच बसून राहिलो असतो.

प्राचार्य सर, चिठ्ठी पाठवू नका. जेवण तयार आहे, मला वास येतोय. माधवराव, तुमच्याशी माझं काही भांडण नाही. मला इथं नोकरी तुमच्या वडिलांनी दिली, आणि किर्गिझस्तानला जाताना रजा तुम्ही मंजूर केलीत. तुमच्यापुढं सर्वानुमते झालेला ठराव आला, तर तुम्ही सही करणारच. तुम्हाला कसं कळणार, की तो सर्वानुमते नाही? म्हणून मी जाता जाता एवढंच करतो. सोमवारी जे विचारायचं राहून गेलं, ते आता विचारतो. मला अधिकार नाही, सायंकाळी कार्यालय बंद झालं की मी इथला कुणीही नाही. पण माइक अजून माझ्या हातात आहे.

एम.ए. राज्यशास्त्राचा वर्ग बंद करण्याच्या ठरावाच्या विरोधात कोण आहे? असेल त्यानं हात वर करावा. मी कुठलाही कागद उचलणार नाही. हे बघा, माझ्या हातात काहीच नाही. मी थांबतो.

कूलर बंद करा हो जरा.

...आई! आई, अगं तुझं मत धरता येत नाही. तू इथली नाहीस... काय? काय म्हणायलीस? "मला इचारलं न्हवतं तवा. आता इचारलंय." बरं. राहू दे तुझा हात. कुणी खाली घ्यायला लावू नका तिला.

वाडीची मंडळी, तुम्ही नको, तुम्ही खाली घ्या. हे महाविद्यालयाचं काम आहे. मी थांबलो आहे. मला घाई नाही, जेवण गार झालं तरी चालेल.

योगिनी. तुझा हात दिसला मला. अर्ध्यापर्यंत आला होता. मला ठाऊक आहे, तुझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि करणारे इथंच समोर बसले आहेत. तुझ्यापेक्षा पक्की नोकरी असलेले सगळे खाली बघत बसले असताना तुझ्याकडून ही अपेक्षा करणं बरोबर नाही, हेही मला कळतं. तू हात खाली घेतलास, तरी मी तुला काही म्हणणार नाही. फक्त एक कर बाई. केस नीट करू नकोस.

...शाब्बास.

बघा. बघा, माधवराव. खांबाजवळ. पूर्ण वर आहे.

आणि तो अवधूतचा. ग्रंथपाल बाईंचा. मागं कोण आहे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण हात दिसतायत. मंगळवारी आलेले बहुतेक सगळे दिसतायत. अरे, मग सोमवारी काय झालं होतं रे तुम्हाला? नको, नका सांगू. मी काही हात मोजणार नाही. मोजायचं काम अध्यक्षांचं आहे.

माधवराव म्हणतायत, "बघू." नाही माधवराव, उद्यावर नको. आत्ता, समोर बघा.

असो. माझं संपलं. या महाविद्यालयानं मला उभं केलं, सहकाऱ्यांनी माझा तापट स्वभाव इतकी वर्षं सांभाळून घेतला, विद्यार्थ्यांनी नकाशातले कंटाळवाणे देश ऐकून घेतले, राजेश्रीनं घोंगड्यांसकट मला घरात ठेवून घेतलं. या सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. चांगल्या दिवशी मी कडू बोललो असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात कमी-जास्त झालं असेल, तर ते पदरात घ्या, माझं वय आणि हा उन्हाळा लक्षात घेऊन मला माफ करा. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका.

मात्र हात खाली घ्या, असं मी म्हणणार नाही. ते अध्यक्ष म्हणतील. तोपर्यंत आई, दुखला तर दुसरा वर कर.